चोपन्न मिनिटं

दहा वाजून दहा मिनिटांनी आईचा फोन आला आणि तिने पहिलंच विचारलं, "तू आत्ता आकाशात आहेस का?" मी ऑफिसात माझ्या टेबलापाशी होते. उजव्या हाताला गार होत चाललेला चहा, समोर पडद्यावर दोन विमानतळांची नावं आणि त्यांच्या मधोमध अंतराची रिकामी चौकट. "आकाशात असते तर फोन कसा उचलला असता?" मी म्हटलं. आणि लगेच वाटलं, हे बोलायला नको होतं, निदान आज तरी. पण आईशी बोलताना माझ्या तोंडून आधी वैताग बाहेर पडतो आणि मी त्याच्या मागून धावत येते, हे गेली तीस वर्षं चाललंय. "मग उतरलीस वाटतं," आई खुशीत म्हणाली. "मला इथे हिरवा झगा घालून बसवलंय. मी नर्सबाईंना सांगितलंय, मुलगी आल्याशिवाय आत येणार नाही. सव्वानवाला बसली असेल तर दहा वाजून नऊ मिनिटांनी टेकेल. एक मिनिट वाट बघितली आणि मगच लावला फोन." म्हणजे ही बाई दवाखान्याच्या बाकावर घड्याळ धरून बसली होती. एक डोळा कायमचा गेलेला, दुसऱ्यापुढे सगळं धुक्यासारखं, त्यात ते घड्याळ नाकाला लावून तिने काटे वाचले असणार. मी म्हटलं, "आई, जरा दादूला दे."

दादू म्हणजे माझा धाकटा भाऊ. चाळिशी उलटली तरी आमच्या घरात त्याला दादूच म्हणतात आणि तो मला ताई म्हणतो, विशेषतः रागावलेला असला की. तो फोन घेऊन बाकापासून लांब चालत गेला असावा, कारण त्याच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. मग म्हणाला, "ताई, ऐक. साडेदहाला ऑपरेशनला हिचा पहिला नंबर होता. हिने हट्ट धरला म्हणून मागच्या दोघांना पुढे घेतलं. डॉक्टर महिन्यातून एकदा येतात, दोनच्या विमानाने परत जातात. साडेबाराला शेवटचा पेशंट आत घेतात. त्यात ही गेली तर गेली, नाहीतर पुढचा महिना. आणि पुढच्या महिन्यापर्यंत हा डोळा थांबणार नाही, हे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय. तुलाही सांगितलंय मी. तीनदा." मी म्हटलं, मी येत नाही हे तुला काल संध्याकाळीच कळवलं होतं, तू तिला सांगितलं का नाहीस? "कारण ते तू सांगायचं होतंस," तो म्हणाला. "चोपन्न मिनिटांचं खूळ तिच्या डोक्यात मी घातलेलं नाही." आणि त्याने फोन ठेवला.

खूळ. शब्द बरोबर होता, म्हणून जास्त लागला. चौकटीत यंत्राने आकडा भरला आणि मी पुढची जोडी उघडली. आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे, खाली गाद्यांचं दुकान, त्यामुळे जिन्यात कायम नव्या कापसाचा वास येतो. आम्ही इथे अंतरं बनवतो. दुसरं काही बनवत नाही. देशात लहानमोठे चारशे विमानतळ आहेत. प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावली की एकोणऐंशी हजार आठशे जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीला इंटरनेटवर एक पान असतं. अमुकपासून तमुक किती लांब, विमानाला किती वेळ लागतो. पृथ्वीच्या पाठीवरून सरळ रेघ ओढायची, ती मोजायची, ताशी सातशेऐंशी किलोमीटरने भागायचं आणि चढायला-उतरायला म्हणून तीस मिनिटं मिळवायची. हे सगळं यंत्र करतं. माझं काम एवढंच की नावं चुकली नाहीत ना ते बघायचं आणि पानागणिक दोन वाक्यं वेगळी करायची, नाहीतर सगळी पानं एकसारखी दिसतात. 'या दोन शहरांमधील हवाई अंतर,' 'या दोन ठिकाणांना जोडणारा आकाशमार्ग,' 'प्रवाशाला अंदाजे इतका कालावधी लागेल.' असं साडेतीन वर्षं चाललंय. एकोणऐंशी हजार आठशे जोड्यांपैकी खरं विमान फारतर दोन हजार जोड्यांत उडतं. बाकीच्या ठिकाणी कुणीही कधीही उडालेलं नाही, तरी वेळ मात्र मिनिटापर्यंत बिनचूक.

नोकरीला लागल्यावर महिन्याभरात मी हे आमच्या साहेबांना बोलले होते. त्यांना आम्ही पाठीमागे सरळरेघ म्हणतो. ते बोलतात सरळ, चालतात सरळ, भांगसुद्धा पट्टी लावून पाडल्यासारखा, आणि माणूस वाईट नाही, एवढं म्हटलं की त्यांचं वर्णन संपतं. मी म्हटलं होतं, सर, जिथे विमान जात नाही तिथे खाली एक ओळ टाकूया, 'या मार्गावर विमानसेवा नाही.' ते म्हणाले, "मॅडम, त्या ओळीपाशी वाचणारा निघून जातो. आणि आपण अंतर सांगतो, प्रवास नाही सांगत." मी त्या वाक्यावर दोन दिवस चिडून होते. मग चिडणं बंद झालं. माणसाला कशाचीही सवय होते असं म्हणतात, पण मला सवय झाली नव्हती, मला ते सोयीचं झालं होतं. हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि तेव्हा मला त्यातला फरक माहीत होता.

आईचं पान मी पहिल्याच दिवशी काढलं होतं. नवीन माणूस नव्या यंत्रावर आधी स्वतःचं नाव टाइप करून बघतो तसं मी माझ्या नव्या गावाचा विमानतळ आणि आईच्या गावाचा विमानतळ, असे दोन्ही टाकले. तीनशे बारा किलोमीटर. चोपन्न मिनिटं. मला खरोखर आनंद झाला. नवऱ्यापासून वेगळी होऊन, दोन पेट्या आणि एक मिक्सर घेऊन मी या अनोळखी गावात आले होते, वडलांना जाऊन चार महिनेच झाले होते, आणि आई फोनवर रोज एकच विचारत होती, "किती लांब गेलीस गं?" त्या संध्याकाळी मी तिला सांगितलं, "लांब कुठे? चोपन्न मिनिटांवर आहे. इकडे भात चढवलास तर तो मुरेपर्यंत मी दारात." पुराव्यासाठी ते पान छापून पोस्टाने पाठवलं. आई आयुष्यभर शिवणकाम करत आली. शाळेचे गणवेश, बायकांचे ब्लाउज, लोकांच्या पडद्यांच्या कडा. छापलेल्या आकड्यावर तिचा विश्वास नाही, पण मोजलेल्या आकड्यावर आहे, आणि तिची समजूत अशी झाली की हा आकडा मी मोजलेला आहे. तिने तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. कपडे काढायला दार उघडलं की समोर चोपन्न मिनिटं.

पुढच्याच आठवड्यात मला कळलं की या दोन गावांमध्ये विमान नाही. दोन्हीकडून आठवड्यातून तीनदा राजधानीला एक छोटं विमान जातं, आणि तिकडून गेलं तर मधल्या मुक्कामासकट दीड दिवस लागतो. जमिनीवरून जायचं तर मध्ये डोंगरांची रांग आहे, रेल्वे नाही, रस्ता त्या डोंगरांना वळसा घालून जातो. दोन बस कराव्या लागतात. अकरा तास. हे कळलं त्या दिवशी फोन करून सांगायला काही हरकत नव्हती. हसून सांगता आलं असतं, आई, काय गंमत झाली बघ. दुसऱ्या दिवशीही सांगता आलं असतं. महिन्याने जरा अवघड झालं. सहा महिन्यांनी आई शेजारणींना, वाण्याला, कापडवाल्याला, सगळ्यांना सांगून मोकळी झाली होती की मुलगी चोपन्न मिनिटांवर असते, आणि मग ते सांगणं म्हणजे तिला चारचौघांत खोटं पाडणं झालं असतं. असं मी स्वतःला सांगत होते. दिवाळखोर माणूस जसा रोज नवं कारण शोधतो तशी मी शोधत होते, आणि कारणांना तोटा नव्हता. सुट्टी नाही. कामाचा ढीग आहे. पुढच्या महिन्यात नक्की. आई "बरं" म्हणायची. ती कधी भांडली नाही. भांडली असती तर मी उलटून बोलले असते, आणि बोलण्याच्या भरात खरं काय ते बाहेर पडलं असतं. पण ती नुसती "बरं" म्हणायची, आणि तेच माझ्या डोक्यात जायचं.

साडेअकरा वाजले. मी फोन केला नव्हता. तासाभरात मी चौदा जोड्या पुऱ्या केल्या होत्या, एरवी दहाच होतात. समोर बसणारी मुलगी, जी आमच्याकडे शहरांची वर्णनं लिहिते आणि प्रत्येक शहराला 'निसर्गाच्या कुशीत वसलेलं' म्हणते, तिने विचारलं, "ताई, तुम्ही आज सुट्टीवर जाणार होता ना?" मी म्हटलं, "रद्द केली." तिने "अय्या, का?" म्हटलं आणि मला तिच्या त्या अय्याचा एवढा राग आला की मी उठून पाणी प्यायला गेले. पाण्याच्या यंत्राला पेला लावून उभी राहिले. काल रविवार, याच वेळी मी घरी बॅग भरत होते. पाचची बस होती, ती आणि पुढची धरली की पहाटे चारला पोचता येतं. मी दोन साड्या, एक स्वेटर, आईसाठी मऊ टॉवेल, डोळ्यावर घालायला काळा चष्मा, असं सगळं बॅगेत भरलं. चार वाजता चपला घालून पलंगावर बसले. बॅग मांडीवर. सव्वाचार झाले, साडेचार झाले. स्टँड पंधरा मिनिटांवर आहे. मला काही झालं नव्हतं, डोकं दुखत नव्हतं, कुणाचा फोन आला नव्हता. मी फक्त उठले नाही. पाचला दहा कमी असताना खिडकीतून रिक्षाही जाताना दिसली, हात केला असता तर थांबली असती. पाच वाजल्यावर माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं आणि मी चपला काढल्या. मग दादूला फोन करून म्हटलं, ऑफिसने सोडलं नाही. हे लिहायलासुद्धा शरम वाटते. ऑफिसने रजा आठवड्यापूर्वीच दिली होती.

का उठले नाही, याचं उत्तर मी रात्रभर शोधलं असं म्हणायला छान वाटलं असतं, पण मी रात्रभर झोपले. उत्तर आता, पाण्याचा पेला भरून वाहायला लागल्यावर, हळूहळू दिसायला लागलं. आईची नजर. शिवणकाम करणाऱ्या बाईची नजर असते ती. माणूस दारातून आत आला की ती आधी त्याचं माप घेते, बोलते मागाहून. लहानपणी शाळेतून आले की ती मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "डावा खांदा पाडून चाललीस, कुणी मारलं?" आणि खरोखर कुणीतरी मारलेलं असायचं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा उंबऱ्यात उभी होते तोवरच तिने म्हटलं, "दोन इंच उतरलीस." मी नवऱ्याविषयी एक शब्दही बोलले नव्हते. त्या रात्री तिने माझे चारही ब्लाउज आत घेतले, टाके घालताना काही विचारलं नाही. तिच्यासमोर उभं राहिलं की आत काय उसवलंय ते तिला कळतं, आणि मला साडेतीन वर्षं कुणाला काही कळू द्यायचं नव्हतं. मी एकटी राहते, ठीक राहते, संध्याकाळी टीव्ही लावून एका ताटलीत जेवते, रविवारी दिवसभर कुणाशी बोलत नाही, ही सगळी मापं आहेत आणि ती तिने घेतली असती. आता तिचा एक डोळा गेलेला आणि दुसरा जायच्या वाटेवर, तरी मी त्या अर्ध्या डोळ्याला घाबरून बॅग मांडीवर घेऊन बसले होते. पाणी पायावर सांडलं. मी स्वतःशीच मोठ्याने म्हटलं, "शाबास." पॅसेजमधून जाणारे सरळरेघ थांबले आणि म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "पाणी सांडलं." ते म्हणाले, "फडकं मागवतो," आणि सरळ निघून गेले.

बारा वाजता दादूचा फोन आला. त्याचा आवाज आता चढलेला नव्हता, आणि त्याने मला जास्त भीती वाटली. "नर्स दोनदा येऊन गेली. डॉक्टर स्वतः येऊन गेले. म्हणाले, आजी, मुलगी काय ऑपरेशन करणार आहे का? तर त्यांना म्हणते, नाही, पण डोळा उघडला नाही तर शेवटी तिला बघितलेलं असावं. ताई, काय बोलणार यावर?" तो पुढे म्हणाला, "व्हिडिओ कॉल लावू का, तर म्हणते त्यात सगळे भिजल्यासारखे दिसतात. काहीतरी कर. खोटं बोल हवं तर. विमान उशिरा सुटलं म्हण, वाटेत आहे म्हण, आत जाऊ दे तिला. एकदा आत गेली की मग मी बघतो." मी विचारलं, "तुला माहीत होतं ना विमान नाही ते? मग साडेतीन वर्षं तू का नाही सांगितलंस?" तो हसला, म्हणजे नाकातून हवा सोडली. "रोज तिचे थेंब मी घालतो. तिचं मशीन मी पुसतो, दोरा ओवून देतो. तुझं खोटंही मीच निस्तरू? एवढं एक काम तुझ्यासाठी ठेवलं होतं." मग म्हणाला, "देतो तिला. पंचवीस मिनिटं आहेत."

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. वाक्यं तयार होती, माझा धंदाच तो. 'काही तांत्रिक कारणामुळे.' 'अंदाजे कालावधी.' आई आत गेली असती, डोळ्यावर पट्टी घेऊन बाहेर आली असती, आणि पट्टी असताना मी आहे की नाही ते तिला कळलंही नसतं. हा विचार माझ्या मनात आला आणि मला माझीच किळस आली. फोनवर आईचा श्वास ऐकू येत होता. ती फोन कानाला फार दाबून धरते, त्यामुळे पलीकडे आधी श्वास येतो आणि मग शब्द. "कुठवर आलीस?" तिने विचारलं. मागे कुणीतरी ट्रॉली ढकलत होतं.

"आई, मी निघालेच नाही," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली.

"बरं काय? बरं नको म्हणूस. विमान नाहीये, आई. आज नाही असं नाही, कधीच नव्हतं. ते पान यंत्राने केलेलं आहे. नकाशावर सरळ रेघ मारायची आणि भागाकार करायचा, बास. त्या रेघेवरून कुणी जात नाही. मला हे पहिल्या आठवड्यातच कळलं होतं आणि मी तुला सांगितलं नाही." मी उभी राहून बोलत होते आणि समोरची मुलगी टाइप करायची थांबली होती. थांबू दे म्हटलं. "ऐकतेस ना?"

"ऐकते की. मग खरं किती लागतं?"

"अकरा तास. दोन बसने. पहिली बस डोंगराला वळसा घालते, मग अर्धा तास थांबायचं, मग दुसरी."

पलीकडे काही ऐकू येईना. मला वाटलं, रडते की काय. किंवा फोन खाली ठेवलाय. मी "आई, आई" असं दोनदा म्हटलं. मग तिने असा एक लांब श्वास सोडला की तो मला कानात गरम लागला. "अकरा तास," ती म्हणाली. "अगं बाई. आधी नाही का सांगायचंस? मी आपली मेली साडेतीन वर्षं कपाट उघडायची आणि म्हणायची, चोपन्न मिनिटं, तरी पोरीला यावंसं वाटत नाही. कापडवाल्याकडे जाऊन यायला मला याहून जास्त लागतात. मी म्हणायची, माझं काय चुकलं असेल? तुझ्या लग्नाच्या वेळी काही बोलले असेन, बाबा गेले तेव्हा काही बोलले असेन. आठवून आठवून डोकं फुटायची वेळ आली. विचारायची भीती वाटायची, म्हटलं विचारलं आणि खरंच काहीतरी सांगितलं तर?" ती हसत होती. खरंच हसत होती, तरुणपणी मशीनचा पट्टा तुटला की हसायची तशी. "अकरा तास म्हणजे काय थट्टा आहे? नोकरी करणाऱ्या बाईने कसं यायचं? बरं झालं बाई, लांब आहेस. मला कसलं हलकं वाटलं म्हणून सांगू."

"आई, ऐक, ते तसं नाही—" मी म्हणाले.

"आता तू मुळीच येऊ नकोस. कंबर मोडून घ्यायची आहे का? अहो नर्सबाई, चला. माझी मुलगी अकरा तास लांब असते, तिची वाट बघत बसले तर रात्र होईल." आणि मग माझ्याशी, फोन बहुधा खाली जाता जाता, "जेवलीस का गं?" एवढं विचारून उत्तराला न थांबता ती गेली. चपलांचा आवाज, दाराला लावलेल्या रबराचा आवाज, कुणीतरी "आजी, सावकाश" म्हणालं. फोन चालूच होता आणि त्यात बराच वेळ नुसता दवाखाना ऐकू येत होता.

मी खुर्चीत बसले. ऑपरेशनला ती गेली होती, म्हणजे जे व्हायला हवं होतं ते झालं होतं, आणि मी हिशेबाला लागले होते. हिशेब करायची माझी सवय वाईट आहे. साडेतीन वर्षांचे साधारण तीस हजार सहाशे तास होतात. त्यातले अकरा तास मला सापडले नव्हते. जायचे अकरा आणि यायचे अकरा धरले तर बावीस, बाकी तीस हजार पाचशे अठ्ठ्याहत्तर तास माझ्याजवळ उरले असते आणि मी त्यांचं काय करणार होते हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. विमान खरोखर चोपन्न मिनिटांत जात असतं, रोज जात असतं, माझ्या खिडकीखालून सुटत असतं, तरी काल संध्याकाळी मी बॅग मांडीवर घेऊन बसलेच असते. डोंगर मध्ये नव्हता. आई साडेतीन वर्षं कपाटाच्या दारात उभी राहून जे म्हणत होती ते जवळजवळ बरोबर होतं, फक्त चूक तिची आहे एवढंच तिचं चुकलं होतं. आणि आज मी तिला खरं सांगायला गेले, आयुष्यात पहिल्यांदा काही न लपवता सांगायला गेले, तर त्या खऱ्यानेच मला अशी साफ सोडवली की खोट्याने कधी सोडवली नसती. आता मला कधीच जायला नको होतं. अकरा तास आहेत ना. कुणीही मान्य करेल. ती तर दवाखानाभर सांगत सुटेल.

"ताई? आहेस का?" दादू फोनवर आला. "गेली आत. हसत गेली. भूल द्यायच्या आधी डॉक्टरांना म्हणे विचारत होती, तुम्ही विमानाने येता तर तुम्हाला डोंगर दिसतो का. काय सांगितलंस एवढं?"

"खरं सांगितलं. अंतर."

"मग बरं झालं." तो दमलेला वाटत होता. "आता तू येऊ नकोस म्हणते. मला दोनदा बजावून गेलीय, तिला बसमध्ये बसू देऊ नकोस म्हणून. बाहेर आली की मी कळवतो तुला. काही निरोप सांगायचाय का तिला?"

समोरची मुलगी अजून माझ्याकडे बघत होती. तिच्या मागे सरळरेघ फडकं घेऊन उभे होते, कुणाला द्यावं ते त्यांना कळत नव्हतं. मी पर्स उचलली. दीडची एक बस होती, ती अर्ध्या वाटेपर्यंत जाते, पुढे दुसरी मिळते किंवा मिळत नाही. मिळाली नाही तर सकाळपर्यंत स्टँडवर बसायचं. पट्टी दुसऱ्या दिवशी काढतात, असं दादूने त्या तीन वेळांपैकी एकदा सांगितलं होतं. पट्टी काढल्यावर दिसलं तर ती आधी माझं माप घेईल. दिसलं नाही तर मलाच ती मापं तिला सांगावी लागतील, तिने न विचारता, एकेक करून.

"निरोप काही नको," मी म्हटलं. "डोंगरामुळे थांबले नव्हते मी, दादू. ते तिला माहीत नाही. तू सांगू नकोस. मी येऊन सांगते."

मला वाटलं, आता बोलेल, साडेतीन वर्षांचं सगळं बोलेल, आणि मी ऐकून घ्यायची तयारी केली.

"जेवून नीघ," तो म्हणाला.